तिला मळमळले तर

मेहकर,
सोमवार

प्रिय प्रेरणा,

अनेक आशीर्वाद. हे पत्र शेजारच्या पुंजाजींच्या हाती देत आहे. ते उद्या जळगाव जामोदला येत आहेत. आपल्या घरातील फोन तुझ्या आईच्या कानाआड कधीच होत नाही, आणि मोबाइलवर अंगठ्याने लिहिलेल्या मजकुराला मी लेखन मानत नाही. परवा तू त्यावर 'तब्बेत' असे लिहिलेस. शब्द 'तब्येत' असा आहे.

गुरुवारी बुलढाण्यास तुझ्या आईच्या गळ्याचे ऑपरेशन ठरले आहे, हे तुला ठाऊक आहेच. थायरॉइडची गाठ साधी आहे, असे डॉक्टर म्हणाले आणि तेवढ्या आधारावर तिने तुला फोनवर बजावले, "कायले येतं बाई इतक्या दुरून? तुहे बाबा हायेत ना जवळ!" तूही ते मानलेस. तिने तुला जे सांगितले नाही, ते मी लिहितो.

शनिवारी बुलढाण्यास तपासणीला गेलो, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारले, गाडी लागते का? तुझी आई शांतपणे म्हणाली, "नाही जी, मले काईच होत नाही." माहेरी जाताना राजूरच्या घाटात जिने प्रत्येक वेळी लिंबू हुंगत, तोंडाशी पदर धरून खिडकीकडे मान फिरवली, ती ही बाई! मी मध्येच म्हणालो, "लागते." डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. स्त्रियांना, त्यातही गाडी लागणाऱ्यांना, अशा ऑपरेशननंतर उलट्यांचा त्रास अधिक होतो, असे त्यांनी समजावले. भुलीची औषधे त्या बेताने निवडू, उलटी रोखणारी औषधे शिरेतून आधीच देऊ. तरीही मळमळ सुरू झाली, तर त्याच क्षणी सांगायचे, म्हणजे आणखी एक इंजेक्शन देता येते. न सांगितल्यास काय, असे मी विचारले. उमाशाच्या जोराने गळ्यावर ताण येतो. क्वचित टाक्यांखाली रक्त साचते आणि श्वासनलिका दबते. 'क्वचित' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. मला तो पुरला नाही.

परतीच्या बसमध्ये चिखली आल्यावर तुझी आई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "डाक्टरीनबाईसमोर माही इज्जत काढाची काय गरज होती? तुमाले कोनं इचारलं होतं?" नवऱ्यादेखत ओकणे ही तिच्या लेखी बेअदबी आहे. तुझ्या वेळी दिवस गेले, तेव्हा ती हौदामागे जाऊन, तोंड धुऊन, पदर सावरून परत येत असे. मला बातमी कळली ती माझ्या आईकडून.

आज दुपारी नव्या गोळीने तिचे पोट ढवळले असावे. जेवता जेवता ती थांबली, आवंढा गिळला. मळमळते का, असे मी विचारले. "नाही. तुमी जेवा." मग मोरीत जाऊन तिने नळ पूर्ण सोडला. बादली भरून वाहू लागली, तरी नळ बंद होईना. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. हाक मारली असती, तर तिने तोंड दाबून धरले असते. म्हणून आवाज न करता पाटावर येऊन बसलो. ती हसत बाहेर आली. "मोरी घासून राह्यली होती," म्हणाली. डोळे लाल होते.

प्रेरणा, तू बुधवारीच बुलढाण्यास ये. ऑपरेशननंतर तिच्या खाटेशी मी बसलो, तर ती प्रत्येक उमासा गिळेल, आणि नर्सने विचारले तरी माझ्याकडे पाहून 'नाही' म्हणेल. लेकीसमोर तिला तो संकोच नाही. तिला 'बरे वाटते का' असे विचारू नकोस; ती 'हो' म्हणेल. तिचा चेहरा पाहत बस. आवंढे गिळू लागली, ओठांवर हात गेला, की तिची परवानगी न घेता नर्सला बोलाव. डॉक्टर सांगेपर्यंत कोणाच्या डब्यातील घासही तिला देऊ देऊ नकोस, मग तो डबा आत्याचा का असेना. तिने माझी चौकशी केली, तर बाबा मेहकरला परतले, असे सांग. खोटे बोल, असे मी तुला प्रथमच सांगत आहे. मी दाराबाहेरच्या बाकावर असेन, खोकणारही नाही.

तुझ्या भरवशावर बाहेर बसणारा,
तुझाच,
बाबा