पुसलेली राख

कोराडी कॉलनी,
गुरुवार, २१ फेब्रुवारी १९८५

प्रिय शामला,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू आधी घाबरली असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: मी ठणठणीत आहे आणि कोणीही गेलेलं नाही. आठ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू मात्र दर नाताळला कार्ड पाठवलंस. सगळी कार्डं माझ्या कपाटात आहेत, डिग्रीच्या सर्टिफिकेटाखाली. फाडून टाकली असतील असं तुला वाटलं असेल, तर तो तुझा दोष नाही. आत्ता शाळेची मधली सुट्टी आहे आणि मी मुख्याध्यापिकेच्या टेबलावर बसून हे लिहिते आहे. माझ्या खिडकीखाली पोरं नळाशी धिंगाणा घालताहेत आणि मी त्यांना ओरडत नाही, यावरून काहीतरी घडलंय हे तू ओळखशीलच.

पहिली बातमी विजयाची. आपल्याला क्लबचा हॉल मिळाला! तुला आठवत असेल, कॉलनीत आल्यापासून मिस्सा आपल्याच क्वार्टरच्या व्हरांड्यात व्हायची. फादर अंब्रोज शहरातून बसने यायचे, टेबलावर पांढरी चादर टाकली की झाली वेदी, आणि निम्मी माणसं रस्त्यावर उन्हात उभी. हॉलसाठी मी दर वर्षी अर्ज करायची आणि क्लबचे सेक्रेटरी मधुसूदनसाहेब दर वर्षी सांगायचे की त्या वेळेला बॅडमिंटन असतं. या जानेवारीत मी अकराही अर्जांच्या नकला एका पिनेत टोचून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसले. म्हटलं, सही झाल्याशिवाय मी उठत नाही. साहेब पेन शोधता शोधता म्हणाले, "बाई, तुमच्या देवापेक्षा तुमचीच भीती जास्त वाटते." मी ते कौतुक समजले. घरी येताना रस्ता मला रुंद झाल्यासारखा वाटत होता. हे सगळं सविस्तर अशासाठी सांगते, की काल दुपारी चार वाजता त्या हॉलमध्ये मी कोणत्या ऐटीत शिरणार होते ते तुला कळावं.

काल राखेचा बुधवार होता, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन उपवासकाळ सुरू करायचा दिवस. हॉलमधली पहिलीच उपासना. फादरना त्या दिवशी शहरातलं देऊळ सोडून येता येणार नव्हतं, म्हणून रविवारच्या मिस्सेनंतर त्यांनी राख आधीच आशीर्वादित करून ठेवली आणि मला म्हणाले, "बाई, बुधवारी वाचन तुम्ही करा, राखही तुम्हीच लावा." माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगणार, असं मला वाटलं. खरंच वाटलं, शामला. नम्रतेवरचा धडा मी पस्तीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतला आहे आणि त्या क्षणी त्यातला एक शब्द मला आठवला नाही.

राख केली होती कवडूजींनी. तेच दर वर्षी करतात. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरोघरी नेलेली शिंदीची पानं, वर्षभर क्रुसामागे खोचून वाळलेली, ते दारोदार फिरून गोळा करतात, अंगणात लोखंडी पाटीत जाळतात आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळतात. मऊ, काजळासारखी होते. आपलं दार मात्र त्यांनी आठ वर्षं कधी वाजवलं नाही. मी माझी पानं फाटकावर अडकवून ठेवायची, ते येऊन काढून न्यायचे. कवडूजी, म्हणजे तुझे सासरे. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. लिहिता येतो, असं दिसतं.

रविवारी फादरनी त्या राखेतली बरीचशी माझ्या स्टीलच्या ताटलीत काढून दिली. कवडूजींनी चिमूटभर एका कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवली. तुझ्या सासूबाई, रुखमाबाई, दिवाळीपासून खाटेवर आहेत, मांडीचं हाड मोडलंय, त्यांना हॉलपर्यंत येणं शक्य नव्हतं. मी ती ताटली आपल्या क्रुसाखालच्या फळीवर ठेवली, वर तू विणलेला क्रोशाचा रुमाल झाकला. माझी व्यवस्था चोख.

आता ऐक. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख तुला सांगायला नको. खिडकी लावा, पडदे लावा, दोरीवरच्या पांढऱ्या साडीवर आणि भाताच्या झाकणावर ती बसणारच. सकाळ, दुपार, संध्याकाळ मी ओलं फडकं फिरवते. हात आधी चालतो, डोकं मागून येतं. काल सकाळी वारा सुटला होता. रुमाल उडून खाली पडलेला, फळीवर, क्रुसाच्या पायाशी, ताटलीत, सगळीकडे करडा थर. मी चरफडत ओलं फडकं घेतलं, फळी पुसली, क्रूस पुसला, ताटली मोरीत नेऊन नळाखाली घासली आणि लख्ख करून पालथी घातली. चहा गाळताना माझी नजर त्या लख्ख ताटलीवर गेली. शामला, माझ्या हातातली गाळणी खाली पडली. आशीर्वादित राख मी माझ्या हाताने मोरीतून सोडून दिली होती. जगात दुसऱ्या कुठल्याही गावात ही चूक व्हायची नाही. ती कोराडीतच व्हावी आणि माझ्याच हातून व्हावी!

फादरना कळवायला वेळ नव्हता. मी गुडघे टेकले आणि देवाशी बोलले. मी कशी बोलते तुला ठाऊक आहे, वरिष्ठांना अर्ज करावा तशी. आजचा दिवस निभावून ने, लोकांत हसं होऊ देऊ नको, शनिवारी शहरात जाऊन फादरपुढे पापनिवेदन करीन. अर्ज मुद्देसूद होता. उत्तराची वाट न बघता मी उठले, पोस्टकार्ड घेतलं, मागच्या खिडकीच्या चौकटीतली राख खरवडली आणि ताटलीत भरली. रंग तोच. कोणाला काही कळलं नसतं. एम. ए. झालेली, मुख्याध्यापिका, तीन पिढ्यांची ख्रिस्ती बाई, हातात चिमणीची राख घेऊन मान ताठ ठेवून हॉलकडे निघाली.

हॉल भरला होता. मधुसूदनसाहेब स्वतः कुतूहलाने दाराशी उभे. मी वाचन केलं, आवाज खणखणीत लागला. मग रांग झाली. म्हातारी माणसं पुढे असा माझाच नियम, म्हणून पहिले कवडूजी. त्यांनी टोपी काढून काखेत धरली, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं. त्या कपाळाला मी आठ वर्षांत इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. वॅगनींमधला कोळसा उतरवताना बारीक कपच्या लागून कातडीखाली निळे ठिपके बसलेत, गोंदल्यासारखे. माझा अंगठा राखेत बुडालेला. तू मातीचा आहेस, मातीत जाणार आहेस, एवढंच मला त्यांना म्हणायचं होतं. आणि मला दिसली ती आपल्या बैठकीतली वेताची खुर्ची.

तुलाही तीच आठवत असणार. रवींद्रसाठी तुला मागायला ते आले, धुतलेलं धोतर नेसून, संत्र्यांची पिशवी घेऊन. दहा मिनिटं बसले. ते फाटकाबाहेर पडायच्या आत मी ओलं फडकं आणलं आणि ती खुर्ची पुसली. तू दारात उभी होतीस. मी म्हटलं, कोळशाची भुकटी होती. तू नुसती माझ्या हाताकडे बघत राहिलीस. भुकटी नव्हती, शामला. ते मला तेव्हाही माहीत होतं. एकाच वेदीपाशी गुडघे टेकणारा माणूस, आणि मी त्याची बसलेली जागा पुसली.

माझा अंगठा हवेतच थांबला. मी ताटली खाली केली आणि मोठ्याने म्हणाले, "थांबा. ही राख खोटी आहे. खरी मी आज सकाळी पुसून मोरीत घातली, आणि ही खिडकीतली भरून तुम्हाला फसवायला आणली." मग शेजारच्या यमुताईंना राहवलं नाही. "बाईंनी पुसलं म्हणजे काय उरतंय तिथं!" आणि सगळा हॉल हसला. सगळा! ज्या हसण्याची मी जन्मभर धास्ती घेतली होती ते हेच होतं, आणि त्याने माझं काही मोडलं नाही. उलट पाठीवरचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसं झालं.

कवडूजींनी डोळे उघडले होते. ते हसले नाहीत. बंडीच्या खिशातून त्यांनी ती पुडी काढली. "बाई, माह्याजवळ हाये. घ्या." मी म्हटलं, ती रुखमाबाईंची आहे. "तिच्यापुरती राहीन ना. देवाच्या राखेले तराजू काहून लावता?" मी पुडी हातात घेतली नाही. सिमेंटच्या फरशीवर, बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघेवर मी गुडघे टेकले आणि म्हटलं, आधी मला लावा. ते दचकून मागे सरले. "मी? माह्या हातानं, बाई?" तुमच्याच, म्हटलं. त्यांचा अंगठा कानशीसारखा खरखरीत आहे. त्यांनी क्रूस काढला आणि शब्द म्हणताना त्यांचाच आवाज कापला. माझ्याकडे त्या वेळी देवासाठी एकही अर्ज नव्हता. तुला हवं तसं कर, एवढंच मनात आलं. ते इतकं सोपं असतं, हे मला पस्तीस वर्षं शिकवून कळलं नव्हतं.

मग मी बाहेर जाऊन माझी राख बागेतल्या मातीत ओतली आणि परत आले. कवडूजींनीच सगळ्यांना लावली, प्रत्येकाला सुईच्या टोकाएवढी, आणि ती पुरली. मी शेजारी उभी राहून पुडीचा कागद धरला होता. हे काम मला छान जमलं.

शेवटी कागदाच्या घडीत जे उरलं ते घेऊन मी त्यांच्याबरोबर वस्तीवर गेले. रेल्वेरुळापलीकडचं घर मी नेहमी बसमधूनच पाहिलं होतं. रुखमाबाई मला पाहून उठायला धडपडल्या. "वं माय, बाई आल्या! अन् माह्या घरात पसारा पडून राहिला." मी त्यांना दटावून झोपवलं आणि त्यांच्या कपाळावर राख लावली. मग वर पाहिलं तर भिंतीवर तुझ्या लग्नाचा फोटो. तू, रवींद्र, त्याच्या बाजूला हे दोघं, आणि तुझ्या बाजूला एक रिकामी लोखंडी खुर्ची. मी विचारलं, ही कोणाची? रुखमाबाई म्हणाल्या, "तुमची जी. फोटोवाला म्हणे हटवा, रिकामी बरी नाही दिसत. आमचा बुढा काही आयके ना. म्हणे, बाई येतीन. सोता दुपट्ट्यानं पुसून ठेवली होती त्यानं."

तू हे मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तरी मी ऐकून घेतलं नसतं. कवडूजी दारातच उभे होते, चपलेकडे बघत. मी त्यांची क्षमा मागितली, उभ्यानेच आणि स्पष्ट शब्दांत. ते म्हणाले, "चाय घेता का?" मी दोन कप घेतले.

घंटा व्हायची वेळ झाली, म्हणून आता मुद्दा. तुझीही क्षमा मागायची आहे. माफ कर. हे मी एकदाच लिहिते, पण पूर्ण अर्थाने लिहिते. कोराडीहून हुडकेश्वर दोन बसचं अंतर आहे आणि मला ते तोडायला आठ वर्षं लागली. येत्या रविवारी सकाळची मिस्सा झाली की मी निघते. तुझे सासरे बरोबर आहेत, घर त्यांनाच ठाऊक. रवींद्रला सांग की सासू कडक आहे, पण चावत नाही. नात मला काय म्हणणार ते तिचं तिलाच ठरवू दे. जेवायला साधा वरणभात कर. आणि अंगणात एक खुर्ची टाकून ठेव, कशीही असू दे, धुळीची असली तरी चालेल. पुसू नकोस.

तुझीच,
आई