आधी ओळ, मग सूर

अहो, वरच्या घरी राहायला गेलेल्यांना सलाम,

हे पत्र मी सांगतेय आणि नात लिहितेय. टपालवाला तिथवर यायचा नाही, पण तुम्हाला सुनावल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

काल चर्चमध्ये उपासनेत नवे पाळकसाहेब म्हणाले, "सगळ्यांकडे गीतांचं पुस्तक आहे. मग गाण्याआधी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची कशाला? आजपासून बंद करू."

ओळ कानावर पडली नाही तर मी गाणार काय?

तेवढ्यात म्हातारे सुतारकाका उठले. "बंद कसं करणार? आजींना वाचता येत नाही. लग्न झाल्यावर यांच्या यजमानांनीच मंडळीला विनवलं होतं, तेव्हापासून आम्ही आधी ओळ वाचतोय." आणि त्यांनी जीभ चावली.

मी थिजले. पण कोणालाच नवल वाटलं नाही हो! मी इतकी वर्षं चष्मा लावून ऐटीत पानं उलटत होते. सून कानात म्हणाली, "आई, तुमचं पुस्तक उलटं असायचं, मी हळूच सरळ करायचे." आणि मी तिला म्हणायचे, सारखी काय गं खेटतेस!

पाळकसाहेबांनी स्वतः पहिली ओळ वाचली. माझा आवाजच फुटेना. तर सगळी मंडळी गप्प उभी राहिली, मी सुरू करेपर्यंत.

पुढच्या रविवारी चष्मा घरी ठेवणार आहे. तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाहीत, त्याचं भांडण भेटल्यावर.

तुमचीच,
अंगठेबहाद्दर