जांगेतलं अवधाण

बाबा, आज दिवसभर तुझी आठवण येत होती आणि तुझा रागही येत होता. या वयात दोन्ही एकदम झेपत नाही रे. आज दवाखान्यात तो माणूस पुन्हा आला. घोलवडच्या वाडीत चिकू उतरवतो, घर तलासरीकडच्या पाड्यावर. तुला झाला तोच कॅन्सर, त्याच जागी. फरक एवढाच, की त्याने बायकोला सांगितलं आणि तिने त्याला हाताला धरून आणलं. लिंगावरची जखम कापून झाली, तपासणीचा कागद आला. डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही जांगा चाचपल्या. गाठ कुठेच लागली नाही. तरी म्हणाले, रोग खोल गेलाय, रक्तवाहिनीत शिरलाय, म्हणजे जांगेत सगळ्यांच्याच असतात त्या बारीक गाठींपर्यंत पोचला असण्याचा संभव फार. हाताला लागेपर्यंत थांबलो तर उशीर होईल, आत्ताच काढू. तो हसला. "गाठच नाय, तं कापणार काय?"

तुझी तर गाठ हाताला लागत होती. भाताच्या आवणीचे दिवस होते, मी नर्सिंगच्या सुट्टीत घरी आले होते. तू चुलीपाशी पाय पसरून बसलास नि म्हणालास, चिखलात काटा मोडला, जांगेत अवधाण आलंय. पायाला लागलं की जांगेत गाठ येते, आपल्याकडे कुणाला येत नाही? आई फडकं तापवून शेकत होती. मी म्हटलं, बघू दे. तर माझ्यावर खेकसलास, "नर्स तू दवाखान्यात. घरात माझी पोर हायेस." मी नुसत्या गोळ्या दिल्या. पण बाबा, अवधाण ठणकतं. तू उठत होतास, बसत होतास, हूं की चूं नाही. मी ते पाहत होते. हे अवधाण नव्हे, हे कळत होतं, पण विचारायची लाज वाटली. मग गाठ फुटली तेव्हा तुला कासाच्या दवाखान्यात आणलं, नि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तू लपवलंस आणि मी लपवू दिलं.

आज डॉक्टर तासभर समजावून थकले. अंदाजावर पोट भरत नाही, असा त्या माणसाचा चेहरा. बायको नुसती पदराचं टोक पिळत होती. डॉक्टर उठून गेल्यावर मी त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, माझ्या बाबालाही हेच झालं होतं, गाठ लागत नव्हती तरी काढली.

"मंग?"

"मग काय. अजून शेतावर जातो."

"खरा सांगतेस, बाय?"

मी हो म्हटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत पेशंटशी असं खोटं कधी बोलले नव्हते. त्याने बायकोकडे पाहिलं आणि सहीसाठी कागद मागितला. सोमवारी भरती होतोय. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून तुला सांगते. तो जाताना विचारत होता, म्हातारा जेवतो ना नीट? मी म्हटलं, जेवतो, भाकर लागते त्याला. आणि तेवढा वेळ मलाही ते खरंच वाटलं.