सामोआच्या समुद्राला दिलेला नारळ

चि. अनुपला ताईचे आशीर्वाद.

जहाजावर वायफाय आहे, जेवण बरं आहे, गुडघेही कुरकुरत नाहीत.

आज सामोआच्या एका बेटावर उतरलो. तिथे लाव्हाच्या काळ्या खडकाला मोठी भोकं आहेत. गावकरी त्यांत नारळ टाकतात आणि खालची लाट तो माडाएवढा उंच भिरकावून देते. सगळ्यांचे नारळ वर आले.

मी आपल्या नारळी पौर्णिमेसारखं कुंकू लावून, मनातल्या मनात तुझ्या कबीरचं नाव घेऊन टाकला. पाणी उडालं, नारळ आला नाही.

गाइडचं हसू गेलं. "कोणाचं नाव घेतलंत?" त्याने हळूच विचारलं. मी तर कोणाला काहीच बोलले नव्हते.

तिकडे तुमच्या स्टॅनमोरला थंडी असेल ना? कबीरला सध्या स्विमिंगला पाठवू नकोस. थंडीमुळेच म्हणतेय.

तुझी,
निवेदिताताई