तक्त्यावरची शेवटची ओळ

९ ऑक्टोबर, बुधवार

प्रिय घुबडा,

तुझं पत्र पोचलं. मी ठणठणीत आहे, तुझी वहिनी नेहमीप्रमाणे माझ्यावर करवादलेली आहे. जुन्या सोबत्यांच्या मेळाव्यात वाचायला ‘तुझे गाड्यांचे किस्से पाठव, हसून हसून पुरेवाट झाली पाहिजे’ असा तुझा हुकूम. घे तर.

पहिला, रिव्हर्स गिअर निकामी झालेल्या जीपचा. शिरलो एका चिंचोळ्या गल्लीत, तर पुढे भिंत! न्हाव्याच्या दुकानातून चार गिऱ्हाइकं धावत आली, दोघांच्या गालांना साबण. ‘हां, उचला!’ करत त्यांनी मला आत बसवूनच जीप उचलून फिरवली. घरी हे सांगितलं तर तुझी वहिनी म्हणाली, “आभाळात बरे रस्ते सापडायचे तुम्हाला!”

“तिथे गल्ल्या नसतात.”

“न्हावीही नसतात. एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.”

दुसरा टँकरचा. ड्रायव्हर रजेवर, म्हणून विमानाला इंधन द्यायला मीच टँकर काढला. बसल्या बसल्या सवयीने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, काटे तपासले आणि वायरलेस उचलून टॉवरकडे चक्क उड्डाणाची परवानगी मागितली. पलीकडून आवाज आला, “परवानगी आहे सर, पण फार उंच जाऊ नका.” महिनाभर सगळा तळ मला टँकरचा वैमानिक म्हणत होता.

तिसरा त्या सायकलचा... नको. तिसरा आज जमत नाहीये.

अरे, वैमानिकाकडे विमानांचे किस्से असावेत. माझ्याकडे जीप आणि टँकर कुठून आले, हे एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही. तूही नाहीस. तुला विचारायची गरजच नव्हती म्हणा.

गेल्या मंगळवारी मोतीबिंदू दाखवायला गेलो होतो. बाकावर शेजारी आपला तळावरचा जुना वैद्यकीय सहायक, बायकोला घेऊन आलेला. त्याने मला लगेच ओळखलं. म्हणाला, “सर, एक विचारू? डोळ्यांच्या त्या तपासणीत तुम्ही शेवटच्या ओळीत भलतंच काय वाचलंत? ती अक्षरं तक्त्यावर नव्हतीच.”

मी म्हटलं, तक्ता बदलला होता ना?

“छे हो! तो तक्ता पुढे दोन वर्षं तिथेच होता. तुमच्या आधीच्या साहेबांनी तीच ओळ घडाघडा वाचली.”

माझ्या आधीचे साहेब म्हणजे तू.

आपली रीत तुझ्या लक्षात असेल. आधी आत जाईल त्याने बाहेर येऊन दुसऱ्याला शेवटची ओळ सांगायची. सहा वर्षं आपण तसंच केलं. त्या दिवशीही जिन्यात तू माझ्या कानात सात अक्षरं सांगितलीस. मी छाती काढून म्हणून दाखवली आणि डॉक्टरने पेन खाली ठेवलं. माझं उडणं तिथेच संपलं, हाती उरल्या जीप आणि टँकर. चुकून झालं म्हणू नकोस. वायरलेसवरचा एक आकडा तुझा कधी चुकला नाही.

माझा उजवा डोळा अधू होता, मान्य. उतरताना दोनदा धावपट्टी मला उशिरा दिसली, तेही मान्य. शेजारच्या खुर्चीत तू होतास, घाबरला असशील. तुझी वहिनी म्हणते, “त्यांनी केलं म्हणून तुम्ही आज जिवंत आहात.” ती तुझ्या बाजूने बोलली, तेव्हा मी ताटावरून उठलो.

अरे गाढवा, तोंडावर सांगायचंस ना! शिव्या घातल्या असत्या, आठवडाभर बोललो नसतो, पण स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे गेलो असतो. तू मला दगा दिलास, वर मी तुझ्याच खांद्यावर रडलो तेव्हा पाठ थोपटत म्हणालास, “तक्ता बदलला रे मेल्यांनी.” तीन आठवड्यांनी माझ्या खुर्चीत बसलास. मी पेढे वाटावेत तसा सगळ्यांना सांगत सुटलो होतो, आपलाच माणूस बसला म्हणून.

माझ्या जिवासाठी केलंस की त्या खुर्चीसाठी, एवढंच मला कळायला हवं. मंगळवारपासून दुसरं काही सुचत नाही.

मेळाव्याला मी येणार नाही. किस्से खुशाल वाच, लोक हसतील. त्यांचं हसून झालं की तिथेच उभा राहून सांग, मला खाली कुणी उतरवलं. तेवढी हिंमत नसेल तर मला एकट्याला लिही. तेही जमत नसेल, तर मग आपण एकमेकांना ओळखत नाही.

गेल्या मंगळवारपर्यंतचा
तुझा मित्र