जू-हासाठी फुलांचा स्टँड

३ ऑक्टोबर
बुसानच्या कलावंत महोत्सवात जू-हाची जाहीर मुलाखत. एक फ्रेंच लेखक, एक ब्राझीलची गायिका आणि मधल्या खुर्चीत ही. कॉलेजात माझी ज्युनिअर, माझ्या ग्लासात दोन्ही हातांनी अदबीने सोजू ओतायची. आता म्हणे तिच्या सिनेमाची कल्पना अस्सल. कल्पना माझी आहे. दीपगृहावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट मीच तिला सांगितली होती. ठरलं, जायचं नाही.

४ ऑक्टोबर, सकाळी
बायको म्हणते, जळताय. मी जळत नाही, ॲसिडिटी आहे. आजपासून रोज पाच पानं कादंबरी.

संध्याकाळी
पानं झाली नाहीत. जू-हाच्या जुन्या मुलाखती मात्र सगळ्या बघून झाल्या. माझं नाव कुठेही नाही.

६ ऑक्टोबर
आपण मोठेपणा दाखवायचा. सभागृहाच्या दारात अभिनंदनाचा माणसाएवढा फुलांचा स्टँड, फितीवर माझं नाव. लोक विचारतीलच, हे कोण? फुलवाल्याला फोन केला. नेहमीसारखाच ना, म्हणाला. म्हटलं, नेहमीसारखाच, फक्त नाव मोठं.

८ ऑक्टोबर, दुपारी
जातोय. सत्यासाठी. प्रश्न पाठ आहे: ही कल्पना मुळात कोणाची?

घरी आल्यावर
दारात लाल-गुलाबी स्टँडची रांग आणि मधोमध एक पांढऱ्या शेवंतीचा. मयताला पाठवतात तो. काळ्या फितीवर 'कादंबरीकार प्यो गी-थे', रस्त्यापलीकडून वाचता येईल असं. बरोबर आलेली बायको म्हणाली, "अहो, आपण मयताशिवाय फुलं पाठवली कधी?" फ्रेंच लेखकाने दुभाष्याकरवी माझ्याकडेच चौकशी केली, हे गृहस्थ कधी वारले.

तरी माइक मागून घेतला आणि प्रश्न विचारला. जू-हा जराही गडबडली नाही. उभी राहून म्हणाली, "कल्पना दादांचीच. मी आठ वर्षं यांच्या कादंबरीची वाट पाहिली. दर वर्षी म्हणायचे, शेवट जुळतोय. मग यांना विचारूनच सिनेमा केला."

विचारलं होतं खरं. मी आनंदाने हो म्हणालो होतो. हिच्याच्याने काय होणार, अशी खात्री होती.

लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग ती हसून म्हणाली, "दादा, माझा शेवट मी बेतला. तुमच्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं, ते आज तरी सांगा."

माइक माझ्याच हातात होता. सगळे थांबले. दुभाषी पेन उघडून बसला.

मला माहीत नव्हतं. आठ वर्षांत मी म्हाताऱ्याला जिन्यावरून खालीसुद्धा आणलं नव्हतं.

९ ऑक्टोबर
पानं नाहीत. फुलवाल्याचा फोन आला. गयावया करत होता, चुकून मयताचा स्टँड गेला, दुसरा फुकट पाठवतो. त्याला सांगितलं, राहू दे, चूक झालेली नाही.