कुंद्याचा खडा आणि तुझं लुगडं

अनगोळ, बेळगाव
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप अक्काताईस,

धाकट्या भावकूचा तुझ्या आणि दाजींच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं ठेवायला वाकावं लागतं आणि वाकायला गुडघा लागतो, म्हणून या वेळचा नमस्कार कागदावरच गोड मानून घे. गुडघ्याचा विषय पुढं येणार आहे.) दाजींचा खोकला कमी झाला का? म्हैस व्याली का, आणि व्याली असली तर खरवसाच्या वेळी तुला आमची आठवण झाली का? इकडं सगळी खुशाल आहेत. माधवीची कंबर ठीक आहे, नागेंद्रला कारखान्यात दिवसपाळी मिळाली आहे, सूनबाई आणि तेजस्वी मजेत आहेत. पाचवा जीव कुंदा, त्याचीही तब्येत आता सुधारते आहे. आजचं पत्र त्याच्यापायीच लिहायला घेतलं आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू बोलायला लागलीस की ठेवेपर्यंत माझ्या वाट्याला 'व्हय' एवढा एकच शब्द येतो, आणि मला जे सांगायचं आहे ते एका 'व्हय'मध्ये मावत नाही. शिवाय फोनवर तू मध्येच रागावशील. कागदावर निदान शेवटपर्यंत वाचून मग रागावशील.

कुंदा तुला आठवत असेल. दिवाळीत तू आलीस तेव्हा त्याला हातात घेऊन 'ह्याची शेपूट कुणी तोडली रं?' असं विचारलं होतंस. कुणी तोडली नाही, गिनीपिगाला शेपूट नसतेच. तेजस्वीच्या आठव्या वाढदिवसाला नागेंद्रनं सहाशे रुपयांना तो आणला. रंग अगदी आपल्या बेळगावी कुंद्याच्या मिठाईसारखा, खरपूस भाजलेला, म्हणून पोरीनं तेच नाव ठेवलं. पहिले आठ दिवस माधवी त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊ देत नव्हती. आता काकडी कापली की पहिली फोड त्याला जाते आणि उरलेल्याची आमची कोशिंबीर होते. त्याला एकच विद्या येते. पिशवीचा आवाज झाला की तो शीळ घालतो. कुठल्या पिशवीला घालायची आणि कुठल्या नाही हे त्याला बरोबर कळतं, आणि हे लक्षात ठेव, कारण पुढं ते माझ्या अंगावर येणार आहे.

गेल्या महिन्यात त्याच्या पिंजऱ्यातल्या वर्तमानपत्रावर गुलाबी डाग दिसायला लागले. मला वाटलं रंगीत जाहिरातीचा रंग उतरला. माधवीला वाटलं बीट खाल्लं. तेजस्वी म्हणाली की तो मुतताना ओरडतो. आम्ही दोघांनी तिला गप्प बसवलं आणि मग दोन दिवस कान देऊन ऐकलं, तर पोर खरं बोलत होती. अंग आखडून, पाठीची कमान करून बसायचा आणि बारीक रडायचा. त्याच संध्याकाळी मी दाजींना फोन करून 'ओळखीच्या एकाचं वासरू मुतताना रडतंय' म्हणून विचारलं होतं, ते वासरू हेच. दाजींनी कळकाच्या नळीनं बार्लीचं पाणी पाजायला सांगितलं. जनावर लहान आहे म्हटल्यावर म्हणाले, मग अर्धा कळक घाल. आमच्या पेशंटाचं सगळं अंग अर्ध्या कळकात बसलं असतं, पण दाजींचा शब्द मोडू नये म्हणून मी औषधाच्या ड्रॉपरनं चार थेंब पाजले. दाजींना सांग, औषध घेतलं.

गुण येईना तेव्हा मी त्याला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. न्यायचं कशात हा प्रश्न होता. शेवटी उद्यमबागला फाउंड्रीत कामाला जाताना नेत होतो ती माझी जुनी डब्याची पिशवी काढली. (बसमध्ये शेजारच्या माणसानं 'आज डब्यात काय?' म्हणून विचारलं आणि नेमकी तेव्हाच आतून शीळ आली. तो पुढच्या सीटवर जाऊन बसला.) दवाखान्यात माझ्या पुढं दोन म्हशी आणि एक गाभण शेळी होती. डॉक्टर भला माणूस. कुंद्याला तळहातावर घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि कानडीत म्हणाले, अज्जा, माझ्याकडची सगळ्यात बारीक सुईसुद्धा ह्याला भाल्यासारखी होईल. मग त्यांनीच लहान जनावरांच्या एका खाजगी डॉक्टरणीचा पत्ता लिहून दिला.

डॉक्टर उपासना मूळची निपाणीची, वयानं आपल्या सूनबाईएवढी. तिनं फोटो काढून दाखवला. फोटोत कुंदा म्हणजे नुसता बारीक हाडांचा सापळा आणि त्याच्या खालच्या बाजूला एक पांढरा ठिपका, हरभऱ्याच्या डाळीएवढा. मुतखडा. माणसाला होतो तोच. कापून काढावा लागेल म्हणाली, आणि खर्चाचा आकडा सांगितला तो सगळा मिळून आठ हजारांच्या वर गेला. शिवाय एवढ्याशा जीवाला भूल देणं धोक्याचं, उठेलच अशी खात्री नाही, हेही तिनं लपवलं नाही.

अक्का, फाउंड्रीत जन्म काढलेल्या माणसाला एक सवय असते. कास्टिंगला भोक पडलं तर त्याच्या उशाशी कुणी बसत नाही, ते परत भट्टीत जातं आणि दुसरं ओततात. घरी आल्यावर नागेंद्रनं हिशोब केला, 'बाबा, एवढ्यात तेरा कुंदे येत्यात.' मीही मान हलवली. तेजस्वी अभ्यास करत होती. वहीतनं मान वर न करता म्हणाली, 'आबांचा गुडघा दुखत हुता तवा दुसरे आबा कितीला येत्यात म्हणून इचारलासा का?' नागेंद्र आत निघून गेला. मला आत जायलाही उठता येईना.

आता खरी गोष्ट. तू बसली आहेस ना? दाजींना जवळ बसव.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं, म्हणजे माधवी, तेजस्वी आणि मी, दवाखान्यात गेलो. डॉक्टरणीनं विचारलं, 'काका, ह्याला हिरवं काय काय घालतासा?' मी म्हटलं, काकडी, कोथिंबीर, गवत. ती म्हणाली, पालक? नाही म्हटलं. 'शेवग्याचा पाला?' मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. तेजस्वीनं उत्तर दिलं, 'व्हय. रोज दोन मुठी. गुंजीच्या आजीचा. आबाच घालत्यात.' डॉक्टरीण म्हणाली की त्या पाल्यात चुना फार, माणसाच्या हाडांना चांगला, पण ह्या जनावराच्या लघवीत त्याचाच खडा होतो. माधवीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती रागानं बघते तेव्हा मला भीती वाटत नाही. बघत नाही तेव्हा वाटते.

दीड वर्ष झालं, तू दर रविवारी गुंजीहून पॅसेंजरनं कुणाच्या तरी हाती माझ्या गुडघ्यासाठी पाल्याची पिशवी पाठवतेस. पहाटे उठून तोडतेस, काड्या वेगळ्या करतेस, ओल्या फडक्यात बांधतेस. पहिल्या आठवड्यात मी तो खाल्ला. त्याचा वास मला सोसत नाही, लहानपणीही सोसत नव्हता, आईनं भाकरीत लपवलेला मी म्हशीला घालायचो हे तुला आठवत असेल. दुसऱ्या आठवड्यात मी पिशवी सोडली आणि कुंद्यानं शीळ घातली. एक डहाळी दिली. त्यानं ती ज्या आवडीनं खाल्ली ती आवड मला जन्मात कधी आली नसती. मग रोजचंच झालं. तू फोनवर 'पाला संपला का रं?' विचारायचीस आणि मी 'व्हय' म्हणायचो. त्यात खोटं काही नव्हतं. संपायचाच.

पण माझा गुडघा बरा झाला हे मात्र खोटं. तुझ्याकडं येताना मी खानापूर आलं की दुखण्याची गोळी घेतो आणि स्टेशनापासून तुझ्या घरापर्यंत दात आवळून सरळ चालतो. ते चालणं बघून तू गावभर सांगितलंस, शेजारच्या गुणाबाईनं तुझ्याकडून पाला नेला, दाजींनी बांधावर शेवग्याची आणखी सहा झाडं लावली. मी प्रत्येक वेळी सांगणार होतो. पण मी चालत आलो की तू दारात उभी राहून माझ्या पायांकडं बघायचीस, आणि तुझा चेहरा असा व्हायचा की मला ते सांगवायचं नाही. आई गेल्यावर माझ्या पायांकडं कुणी तसं बघितलेलं नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. बारा वर्षांनी तुमच्याकडं लक्ष्मीची यात्रा आली आहे, आणि यात्रेला भावानं बहिणीला इरकल लुगडं नेसवायचं हे मी तुला कबूल केलं होतं. त्यासाठी मी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते, साडेसहा हजार झाले होते. ते मी काढले. वरचे नागेंद्रनं न मागता दिले. म्हणजे बघ, पाला तुझा, तो त्याच्या पोटात गेला, आणि पोटातनं काढायला लुगडंही तुझंच गेलं. एवढ्याशा जनावरानं तुला दोन्हीकडून खाल्लं, आणि दोन्ही वेळा वाढणारा मी.

ऑपरेशनच्या दिवशी त्याला सकाळी देऊन मी बाहेर बाकावर बसलो. शेजारी मुधोळचा उंचापुरा कुत्रा घेतलेला एक पैलवान गडी होता. 'तुमचं काय?' म्हणाला. मी म्हटलं, गिनीपिग, मुतखडा. मला वाटलं हसेल. तो कुत्र्याचे कान खाजवत म्हणाला, 'माझ्या बापालाबी हुता. लई वंगाळ दुखणं.' मग आम्ही दोघं दाराकडं बघत बसलो. दीड तासानं डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, 'उठलाय काका. पिशवी वाजिवली, तर शीळ घातली.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी नाकारत नाही. पैलवानानं माझ्या पाठीवर थाप मारली, ती अजून दुखते.

तर असं झालं. तुझा पाला वाया घालवला, तुझं लुगडं घालवलं, आणि दीड वर्ष तुझ्या डोळ्यांत धूळ फेकली. माफ कर असं म्हणत नाही, कारण तू करशील हे मला माहीत आहे आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

दाजींना नमस्कार, म्हशीला कुरवाळ.

तुझा,
भावकू

ता. क. पत्राबरोबर गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापसात गुंडाळून एक खडा पाठवला आहे. तुरटी समजून पाण्यात फिरवू नकोस. तो कुंद्याचा आहे. तुझ्या पाल्यानं दगडासारखी हाडं होतात असं तू सांगायचीस आणि मी मनात हसायचो. बघ, दगड झालाच. गुणाबाईलाही दाखव, पाल्याचा गुण खोटा नव्हता, खाणारा चुकला.

आणखी एक. पत्र पाकिटात घालताना माधवीनं वाचलं. तिला पाल्याचं पहिल्या महिन्यापासून माहीत होतं म्हणे, पिंजरा रोज तीच झाडते. आणि भिशी उचलून तिनं तुझं लुगडं गेल्याच आठवड्यात आणलं आहे, हिरवं, लाल काठाचं. म्हणजे लुगड्याबद्दलची माझी सगळी क्षमायाचना फुकट गेली. तो भाग खोडतो म्हटलं तर ती म्हणाली, 'ऱ्हाऊ दे, लिवलंयसा ते बरंच लिवलंयसा.'

शेवटचं, आणि पत्र लिहायला बसलो ते ह्यासाठीच. यात्रेत रथ ओढायला दोरीच्या पुढच्या रांगेत तू माझं नाव दिलं आहेस, ते मुकाट्यानं काढून घे आणि मला तुझ्या शेजारी ओट्यावर बसायला जागा धर. आणि पाला बंद करू नकोस. येत्या रविवारी पाठव, आता मीच खाईन. डॉक्टरणीनं कुंद्याला एक पानसुद्धा द्यायचं नाही म्हणून बजावलं आहे, आणि माझ्या ताटासमोर रोज तेजस्वी पहाऱ्याला बसणार आहे. पिशवी सोडली की तो शीळ घालणार, आणि मला त्याच्यादेखत तो पाला शेवटच्या पानापर्यंत चावून गिळावा लागणार. जरा कोवळा तोड.